कुत्रा-मांजराचं जमलेलं पुन्हा बिघडलं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

एकाच घरात कुत्रा आणि मांजर असेल तर ही तक्रार ठरलेली असते. पाच-सहा महिने दोघं छान राहिली, एका सोफ्यावर झोपली, आणि मग एक दिवस कुत्रा मांजराच्या मागे सुटला. तेव्हापासून रोज तेच चाललंय. घरचे म्हणतात, 'स्वभावच तो, शेवटी जातीचं वैर.' पण अशा घरांत नीट बघितलं तर वैर क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा सापडते ती चुकीच्या जागी ठेवलेली लिटरची (मांजराच्या शी-शूच्या मातीची) ट्रे, बंद झालेली पळवाट, पावसामुळे कमी झालेलं फिरणं किंवा दोघांपैकी एकाचं दुखणं. म्हणून आधी घर तपासायचं, मग तब्येत आणि सगळ्यात शेवटी ट्रेनिंग. बरेच जण थेट ट्रेनिंगला हात घालतात, आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे दुखणं महिनाभरात परत येतं.

लक्षणं

पहिल्यांदा एवढं ठरवा की हा खेळ आहे की शिकार. खेळणारा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर ठेवतो. अंग सैल असतं, तोंड उघडं असतं, आणि मध्येच तो थांबतो. कधी तो मागे धावतो, कधी मांजर. शिकारीच्या भरातला कुत्रा ओळखायचा असेल तर तोंडाकडे बघा. मांजर हॉलमध्ये आलं की धापणारी जीभ आत जाते आणि तोंड गच्च मिटतं. कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटी ताठ होते, पापणी लवत नाही. या अवस्थेत नाव घेऊन हाक मारलीत तरी कान तुमच्याकडे वळत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा असा गप्प राहून टक लावणारा कुत्रा जास्त धोक्याचा असतो.

मांजराची लक्षणं हळू आवाजात बोलतात, त्यामुळे ती सुटतात. मांजर दिवसभर फ्रिजवर किंवा माळ्यावर बसून राहतं, रात्री सगळे झोपल्यावरच खातं. भिंतीला चिकटून, पोट खाली धरून चालतं. गादीवर, पायपुसण्यावर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर शू करतं. पोटावरचे किंवा मांडीच्या आतल्या बाजूचे केस चाटून चाटून विरळ करतं.

शिवाय काही खुणा घरातच दिसतात: कुत्र्याच्या नाकाला लिटरचे दाणे, चाटूनपुसून लख्ख झालेली मांजराची वाटी, आणि तरीही बारीक होत चाललेलं मांजर.

हे दिसलं तर पुढचं वाचू नका, आजच पशुवैद्याकडे जा

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, ओरडतोय, पण शू होत नाही किंवा थेंबभरच होते. याला कुत्र्याच्या भीतीने बाहेर शू करणं समजू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळपर्यंत थांबू नका.

मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठायला लागते आणि मग ते आणखी खात नाही.

कुत्रा एक डोळा मिटून बसलाय, डोळ्यातून पाणी येतंय. मांजराची नखी बुबुळाला लागली की वरून फारसं दिसत नाही, पण जखम चिघळते. पग, शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या आणि बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्यांना हा धोका सगळ्यात जास्त.

दोघांपैकी कुणालाही दाताची लहानशी भोकं पडली आहेत. मांजराच्या दाताचं भोक वरून लगेच मिटतं आणि आत दोन-चार दिवसांत पू होतो. कुत्र्याने मांजराला धरून झटकलं असेल तर कातडीवर एक टिंब दिसेल, आत मात्र स्नायू फाटलेले असू शकतात. वेदनेसाठी घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

यापैकी काही नसेल, तर आता तपासणी.

1. काय बदललं? (खर्च शून्य)

गेल्या दोन-तीन आठवड्यांतले बदल कागदावर लिहा. पाहुणे आले, सोफा हलवला, ट्रेची जागा बदलली, दिवाळीचे फटाके झाले, मालक ऑफिसला जायला लागला, पावसाने कुत्र्याचं फिरणं बंद झालं. मग चार-पाच दिवस प्रत्येक पाठलागाची वेळ आणि जागा लिहा. बहुतेक घरांत सगळे पाठलाग एक-दोन ठरावीक जागांवर होतात: अरुंद पॅसेज, स्वयंपाकघराचं दार, पलंगाचा कोपरा. जागा कळली की अर्धं काम झालं, कारण त्या जागी मांजराला बाजूला व्हायला वाव नसतो आणि कुत्र्याला ते अचानक नाकासमोर दिसतं.

2. मांजराची वाट

जमिनीवर बसा आणि मांजराच्या उंचीवरून खोली बघा. प्रत्येक खोलीत त्याला दोन गोष्टी लागतात: कुत्र्याला ओलांडून न जाता बाहेर पडायची वाट, आणि कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी उंच जागा. पलंगाखाली किंवा वॉशिंग मशीनमागे लपणं ही वाट नव्हे, तो सापळा आहे. तिथे अडकलेलं मांजर पंजा मारतं आणि कुत्रा जास्त चेकाळतो.

उंच जागेसाठी महागडं कॅट-ट्री लागत नाही. साडेचार-पाच फूट उंचीवरची दहा-बारा इंच रुंद फळी पुरते, पण मध्ये चढायला एक पायरी हवी: स्टूल, शिलाई मशीन किंवा बुकशेल्फचा कप्पा. फळीवर रबरी मॅट किंवा जुना गालिचा चिकटवा. गुळगुळीत सनमायकावर उडी मारून मांजर एकदा घसरलं की ते त्या फळीकडे परत जात नाही. कपाटाच्या माथ्यावरच्या बॅगा काढल्या तरी चांगली जागा होते. मांजर म्हातारं असेल तर गुडघे-कंबर धरल्यामुळे जुनी उडी आता जमत नसते, आणि 'अचानक' सुरू झालेल्या पाठलागामागे पुष्कळदा हेच कारण निघतं. पायऱ्या नऊ-दहा इंचांच्या करा.

याच वेळी खिडक्या आणि बाल्कनी बघा. पाठलागात मांजर मागचापुढचा विचार न करता उडी मारतं. स्लायडिंग खिडकीची फट आणि बाल्कनीचे गज यांना जाळी नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी जाळी बसवा.

3. जेवण

मांजराची वाटी वर, कुत्र्याची खाली, आणि दोघांच्याही वाट्या दिवसभर भरून ठेवायच्या नाहीत. कुत्र्याला मांजराचं खाणं फार आवडतं, त्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असते. रोज चोरून खाल्लं तर जुलाब होतात, वजन वाढतं, आणि काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. उलटही चालत नाही: मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही, म्हणून कायम त्यावर ठेवलेल्या मांजराचं हृदय आणि डोळे बिघडू शकतात.

पण इथे खरा मुद्दा भांडणाचा आहे. वाटीजवळ कुत्रा उभा राहतो, मांजर खाणं सोडून पळतं, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा धावतो. दिवसातून तीन वेळा हे झालं की सवय पडते. मांजराला वेगळ्या खोलीत, दार लावून, वीस मिनिटं द्या. उरलेलं उचला. अनेक घरांत एवढ्यानेच निम्मे पाठलाग थांबतात.

4. लिटरची ट्रे

ट्रे संडासात कोपऱ्यात किंवा गॅलरीच्या टोकाला असते, कारण वास नको. मांजराच्या दृष्टीने ती जागा म्हणजे एकच दार असलेली कोंडी. आत बसलेलं असताना कुत्रा दारात आला की संपलं. दोन-तीनदा असं झालं की मांजर ट्रे सोडून मऊ गादी धरतं.

एका मांजराला दोन ट्रे, वेगवेगळ्या ठिकाणी. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापाच्या दीडपट. दुकानातल्या ट्रे बहुधा लहान पडतात, कपडे भिजवायचा पसरट टब उत्तम. झाकण नको, कारण झाकणाच्या ट्रेमधून बाहेर बघता येत नाही. लिटर दोन-तीन इंच, दिवसातून दोनदा साफ. कुत्रा ट्रेमध्ये तोंड घालत असेल तर दाराला आतून साखळी लावून मांजरापुरती चार-पाच इंचांची फट ठेवा. ओलं झालं की गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर कुत्र्याच्या पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं, तेव्हा ही गंमत म्हणून सोडू नका. कुत्रा लहान चणीचा असेल तर फटीचा उपयोग नाही, मग ट्रे उंचावर न्या.

आणि फिनाईल. गादीवर शू झाली की घरचे तिथे फिनाईल ओततात, ट्रेही त्यानेच धुतात. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात, पंजे चाटताना ती पोटात जातात. शिवाय त्या उग्र वासामुळे मांजर ट्रे टाळतं. ट्रे साध्या साबणाने धुवा. बाहेर झालेल्या जागेवर एन्झाइम असलेलं क्लीनर लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. नाहीतर आपल्याला न येणारा वास मांजराला येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

5. कुत्र्याचा दिवस

संध्याकाळी सात ते नऊ पाठलाग वाढत असतील तर कुत्र्याची ताकद शिल्लक राहते आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं. नुसतं सोसायटीत शू करवून आणणं म्हणजे फिरवणं नव्हे. सैल पट्ट्यावर वीस-तीस मिनिटं, वास घेऊ देत फिरवा. वास घेण्याने कुत्रा जेवढा शांत होतो तेवढा चेंडूमागे धावून होत नाही. पावसात बाहेर जाता येत नसेल तर त्याचं सुकं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि शोधायला द्या. लेझर आणि घरातल्या घरात चेंडू बंद करा, कारण त्याने हलणाऱ्या वस्तूमागे सुटण्याचीच तालीम होते.

सहा महिने ते दीड वर्ष या वयातला कुत्रा पाठलाग जास्त करतो. पिल्लू असताना मांजराशी जमलं होतं म्हणून आता जमेलच असं धरून चालू नका.

6. घरची माणसं

कुत्रा मांजराकडे बघतो, कुणीतरी ओरडतं, पेपर आपटतं, पाण्याचा फवारा मारतं. कुत्र्याच्या डोक्यात जोडलं जातं ते एवढंच: मांजर आलं की वाईट घडतं. तुम्ही नसताना तो हिशोब मांजराशी चुकता करतो. दुसरी चूक म्हणजे मांजराला कडेवर घेऊन 'ओळख करून दे' म्हणत कुत्र्याच्या नाकाशी नेणं. त्याची पळवाटच तुम्ही काढून घेता. मग ओरखडे तुमच्या हातावर आणि कुत्र्याच्या डोळ्यावर. घरातल्या सगळ्यांनी, मुलांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, एकच पद्धत पाळली नाही तर पुढचं काहीही टिकणार नाही.

मांजराच्या नखांची पारदर्शक टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापा. आतल्या गुलाबी भागाला कात्री लावू नका.

7. दुखणं

इथून पुढे पैसे लागतात. घर नीट करून आठवड्यात फरक पडला नाही तर दोघांनाही पशुवैद्याकडे न्या. गोचीड-ताप झालेला, कान दुखणारा किंवा सांधे धरलेला कुत्रा जवळ आलेल्या मांजरावर गुरगुरतो. कमी ऐकू येणारा म्हातारा कुत्रा झोपेत मांजराचा स्पर्श झाला की दचकून चावतो. नसबंदी न केलेला बोका घरभर फवारतो, माजावर आलेली मांजरी रात्रभर ओरडते आणि कुत्रा बेचैन होतो. नसबंदी राहिली असेल तर ती आधी करा.

याच भेटीत गोचिडीच्या औषधाबद्दल बोला. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. कुत्र्याला खेटून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी मांजराला थरथर, लाळ, झटके येऊ शकतात. असं झालं तर ताबडतोब दवाखाना. म्हणजे दोघांची दोस्ती जितकी घट्ट, तितका धोका मोठा. दुकानातून स्वतः औषध आणू नका. घरात मांजर आहे हे सांगून तोंडावाटे द्यायची गोळी मागा.

8. नव्याने ओळख

सगळं करूनही पाठलाग चालूच असेल तर दोघांना पूर्ण वेगळं करून पहिल्यापासून सुरुवात. तीन ते सहा आठवडे धरून चाला. पायरी दिवसांवर बदलायची नाही, वागणुकीवर बदलायची.

मांजराला बेडरूम द्या: ट्रे, पाणी, खाणं, उंच जागा. ते पोटभर खाऊ लागलं, ट्रे वापरू लागलं आणि दाराजवळ येऊन बसू लागलं की पुढे. एक मऊ फडकं मांजराच्या गालांवर फिरवा, वासाच्या ग्रंथी तिथे असतात, आणि ते कुत्र्याच्या वाटीखाली ठेवा. कुत्र्याच्या अंथरुणाचा तुकडा मांजराच्या खोलीत. मग रोज थोडा वेळ खोल्यांची अदलाबदल, दोघं समोरासमोर न येता.

त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. पाच-सहा फुटांवरून सुरू करा आणि दोघं निवांत खात असतील तरच दुसऱ्या दिवशी वाटी वीतभर पुढे.

आता पहिल्यांदा नजरानजर. दारात बेबी-गेट (लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक), त्याच्या खालच्या अर्ध्यावर चादर. कुत्रा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि सहा फुटी पट्ट्यावर, गेटपासून दहा-बारा फुटांवर. हाताशी उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ, कांदा, लसूण न घालता. शाकाहारी घरात बिनमिठाचं पनीर चालतं. कुत्र्याने मांजराकडे बघितलं की लगेच 'हां' म्हणा आणि तुकडा त्याच्या तोंडाशी अशा बाजूने द्या की मान मांजरापासून वळेल. टक लागायच्या आत द्या. टक लागल्यावर दिलेला तुकडा त्याला दिसतही नाही. काही दिवसांनी तो मांजराकडे बघून आपणहून तुमच्याकडे वळतो. तुम्हाला हवं ते हेच. तीन-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, फिरून आल्यावर.

कुत्रा चिकन घेत नसेल तर तो हट्टी नाही, अंतर कमी आहे. मागे या. पट्टा ताणून धरू नका, ताणाने कुत्रा पुढे झुकतो आणि जास्त तापतो. मांजराला पिंजऱ्यात घालून कुत्र्यापुढे ठेवणं हे तर कधीच नाही.

गेटवर सात-आठ दिवस शांत गेले की एका खोलीत: कुत्रा पट्ट्यावर आणि बसलेला, मांजर मोकळं. मग पट्टा जमिनीवर लोळता. सलग महिनाभर एकही पाठलाग न होता गेल्यावरच दोघांना एकटं ठेवायचा विचार, तोही आधी दहा मिनिटांचा. लोक सगळ्यात जास्त इथे घाई करतात. दाराशी जेवण जमलं की थेट मोकळं सोडतात, आणि एक पाठलाग झाला की तीन आठवड्यांची मेहनत जाते.

कारवानी, मुधोळ, पश्मी ही नजरेने शिकार करणारी कुत्री आहेत. या ओळखीने त्यांचा पाठलाग कमी होतो, पण धावणारं मांजर बघून सुटायची ओढ पुसली जात नाही. माणूस घरी नसताना मध्ये बंद दार, कायमचं.

कुठे थांबायचं

कुत्र्याने मांजराला तोंडात धरलं किंवा झटकलं असेल, तो दबा धरून अंग थरथरत वाट बघत असेल, गेटला धडका मारत असेल, किंवा दोन आठवड्यांत बारा फुटांवरूनही चिकन घेत नसेल, तर घरचे प्रयोग बंद. दोघांना वेगळं ठेवा, पशुवैद्याकडून दुखणं नाही याची खात्री करून घ्या आणि प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा. ते काय वापरतात हे फोनवरच विचारा. काटेरी पट्टा, करंट देणारी कॉलर किंवा 'मालक कोण ते दाखवून द्या' अशी भाषा असेल तर नको म्हणा. मांजर दिसताच वेदना झाली की कुत्रा मांजरावरच उलटतो.

भांडण जुंपलं तर मध्ये हात घालू नका. उशी, पाट, मोठा ट्रे मध्ये सरकवा, चादर टाका, ताट आपटा. चावा माणसाला लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा, घरचं जनावर असलं तरी. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावू नका.

जाणकाराकडे जाताना पहिल्या पायरीतली वेळ-जागांची यादी, दोघांच्या लसींची कार्डं आणि घराचा हाताने काढलेला नकाशा न्या. त्यात ट्रे, वाट्या, दारं आणि उंच जागा दाखवा. सोबत व्हिडिओही न्या, पण त्यासाठी मुद्दाम पाठलाग घडवून आणू नका. हॉलच्या कोपऱ्यात मोबाईल ठेवून घरातला नेहमीचा अर्धा तास टिपा; जाणकाराला कुत्र्याचं तोंड कधी मिटतं तेच बघायचं असतं.